पाटा कडक केला म्हणजे गाडी मजबूत होते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: धारूर तालुक्यातल्या एका वाचकाचं हे पत्र. वय तिशीच्या आतबाहेर. बोअरमधल्या मोटारी काढण्याचा आणि बसवण्याचा व्यवसाय. मेव्हण्याबरोबर भागीदारीत सहा वर्षं जुनी, सेकंडहँड पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात मागच्या टोकाला लोखंडी सांगाडा, विंच (दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र), डाव्या कडेला जनरेटर, वेल्डिंग मशीन आणि अवजारांची पेटी कायमची बसवली. 'अंदाजे सहाशे किलो असेल,' असं ते लिहितात. आता गाडी मागून बसली आहे, डावीकडे जरा जास्तच. वर्षभरात डावा कमानपाटा, म्हणजे मागच्या चाकाजवळची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, दोनदा मोडला. गॅरेजवाले म्हणतात दोन पाटे वाढवा. मेव्हणे म्हणतात मोठ्या गाडीचा जाड पाट्यांचा सेट टाकून एकदाच मजबूत काम करून घ्या. एका ओळखीच्याने पाट्याच्या मदतीला हवा भरलेले रबरी फुगे सुचवले. वडील रोज गाडीत सोबत असतात, त्यांची कंबर आधीच धरलेली आहे. 'किती कडक पाटे टाकू म्हणजे पुन्हा हात लावावा लागणार नाही?' असा त्यांचा प्रश्न आहे.

---

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मीही तुमच्यासारखाच पाटे मोजायला लागलो होतो. दुसऱ्या वाचनात 'डावीकडे जरा जास्तच' आणि 'अंदाजे सहाशे किलो' या दोन ठिकाणी थांबलो. तुमचं उत्तर मला तिथंच दडलेलं वाटतं.

आधी एक साधी गोष्ट बघू. तुमची गाडी १.३ टन पासिंगची, म्हणजे तेवढा माल न्यायची मान्यता असलेली असेल, तर कंपनीने तिचे मागचे पाटे १,३०० किलोची भरती गृहीत धरूनच केलेले आहेत. सहाशे किलो त्याच्या निम्म्याहूनही कमी. तीन माणसं आणि थोडे पाइप धरले तरी आठ-नऊशेच्या वर जायला नको. मग पाटे कमी कसे पडले? यातून चारच गोष्टी निघतात. वजन सहाशेपेक्षा बरंच जास्त आहे, किंवा ते चुकीच्या जागी आहे, किंवा सहा वर्षांत पाट्यांची कमान उतरली आहे, किंवा पाटे भलत्याच वेळी मोडतायत. माझा अंदाज असा की तुमच्याकडे या चारींचा थोडा थोडा वाटा आहे. पाटे जाड केले तर यातली एकही गोष्ट सुटत नाही, फक्त झाकली जाते.

म्हणून पहिलं काम भुईकाट्यावर. तुमच्या भागात माजलगाव-तेलगावकडे जिनिंगचे, कारखान्याचे, आडतीचे काटे आहेत. गर्दी नसेल अशा वेळी जा आणि काटेवाल्याला आधीच सांगा की तीन-चार वजनं करायची आहेत. गाडी रोज कामाला निघते तशीच न्या, सगळं सामान आणि डिझेल घेऊन. आधी पूर्ण गाडी. मग फक्त मागची चाकं काट्यावर आणि पुढची बाहेर. मग उलट. काट्याचा पत्रा आणि बाहेरची जमीन एका पातळीत असेल तर डावी दोन चाकं एकदा, उजवी दोन एकदा. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाच्या जवळ आलं की समजायचं मोजमाप नीट झालं.

आता आरसी बुक काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन, असे दोन आकडे असतात. समजा रिकामं १,७०० आणि भरलेलं ३,००० लिहिलंय, आणि काट्यावर तुमची गाडी माणसांचं वजन वजा जाता २,४०० भरली. म्हणजे कायमचं ओझं ७०० झालं आणि माणसं, पाइप, केबल मिळून तुमच्या हातात फक्त ६०० उरले. हा ६०० चा आकडा कोणताही पाटा वाढवू शकत नाही. पाटा जाड केल्याने एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, जाड होत नाही, ब्रेक मोठे होत नाहीत, टायर बदलत नाहीत आणि चासीही तीच राहते. टायरच्या कडेला वजनाचा कोड छापलेला असतो, तोही बघून घ्या: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, आणि तेही हवा पूर्ण असेल तरच. मेव्हण्यांना हे नक्की सांगा. जाड पाट्यांनी गाडी दिसायला ताठ उभी राहते, माणूस निर्धास्त होऊन आणखी भरतो, आणि मग पाट्याऐवजी एक्सल किंवा बेअरिंग बोलतं. मोडलेला पाटा बहुतेक वेळा गाडीला कडेला थांबू देतो. धारूरच्या घाटात उतरताना ब्रेक कमी पडले तर तेवढी उसंतही मिळत नाही.

आता वजनाची जागा. हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण गॅरेजमध्ये हे क्वचितच कोणी बोलतं. वजन मागच्या एक्सलच्या बरोबर वर असेल तर ते जेवढ्यास तेवढं एक्सलवर येतं. एक्सलच्या मागे गेलं की गाडीची तरफ होते. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर आहे आणि तुमचा २५० किलोचा सांगाडा मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे उभा आहे. मग मागच्या एक्सलवर २५० नव्हे, ३३३ किलो येतात आणि पुढची चाकं ८३ किलोंनी हलकी होतात. गाडी मागून बसते, हेडलाइट आभाळाकडे बघतो, स्टिअरिंग हलकं लागतं. तुम्हाला हे जाणवलं असेलच. जनरेटर डाव्या कडेला ठेवल्याने डाव्या पाट्याला रोज जास्तीचं ओझं आहे, आणि आपले रस्ते मधे फुगीर, कडेला उतरते, त्यामुळे डावीकडे झुकलेली गाडी आणखी डावीकडे झुकते. दोन्ही वेळा डावाच पाटा मोडला, यात नवल नाही.

तेव्हा पाट्याला हात लावण्याआधी जनरेटर आणि वेल्डिंग मशीन केबिनच्या पाठीला, शक्यतो मधोमध आणा. अवजारांची पेटी उजवीकडे घ्या. एका रविवारचं काम आहे. सांगाडा हलवता येणार नाही, कारण हूक हौद्याच्या बाहेर बोअरवर यावा लागतो, पण बाकी सगळं पुढे सरकू शकतं. त्यानंतर पुन्हा काटा करा. फरक किती पडला ते तुम्हीच बघाल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. मोटार वर ओढताना तुम्ही गाडीच्या मागे टेकू लावता का?

पत्रात एक ओळ आहे, 'मोटार काढताना गाडी अजून दबते.' ती वाचून मी हिशेब मांडला. सव्वा इंची मध्यम जाडीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मीटरला साधारण सव्वातीन किलोच्या जरा आत भरतो. पाचशे फूट म्हणजे १५२ मीटर, म्हणजे पाइपच पावणेपाचशे किलोचे. व्हॉल्व्हने धरून ठेवलं असेल तर आतलं पाणी दीडशे किलो. मोटार-पंप चाळीस-पन्नास किलो. एकूण पावणेसातशेच्या आसपास. हूक एक्सलच्या १ मीटर मागे लटकत असेल तर मागच्या एक्सलवर येतात सुमारे नऊशे किलो, आणि पुढची बाजू सव्वादोनशे किलोंनी उचलली जाते. मोटार गाळात किंवा केसिंगला अडकली असेल तर विंच त्याहूनही जास्त ओढते. हे सगळं कायमच्या सहाशे-सातशे किलोंच्या वर! काळा प्लास्टिकचा पाइप असेल तर ओझं बरंच हलकं, हे खरं, पण जुन्या बोअरमध्ये तुम्हाला जीआय भेटतच असणार.

म्हणजे भाऊ, तुमचा पाटा रस्त्यावर मोडत नसून उभ्या गाडीत मोडत असण्याची दाट शक्यता आहे. तिथं त्याला तडा जातो आणि दोन दिवसांनी एखाद्या पाणंदीत आदळल्यावर तो तुटतो, म्हणून आपण रस्त्याला दोष देतो. यावर पाटा वाढवणं हा इलाजच नव्हे. ओढण्याचं ओझं पाट्यापर्यंत जाताच कामा नये. सांगाड्याच्या बरोबर खाली, हौद्याच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी स्क्रूचे किंवा हायड्रॉलिक टेकू बसवा. ओढायला सुरुवात करण्याआधी ते जमिनीला घट्ट टेकवा, म्हणजे ओझं सांगाड्यातून थेट जमिनीत उतरेल. काळ्या रानात टेकूखाली जाड फळी किंवा लोखंडी पाटी ठेवायला विसरू नका. पावसाळ्यात नुसता टेकू मातीत हातभर रुततो, आणि एकच बाजू रुतली तर सांगाडाच कलंडेल. खर्च करायचा असेल तर पहिला पैसा इथं घाला.

मोडलेले पाटे अजून भंगारात गेले नसतील तर काढून बघा. पाटा मधोमध, सगळ्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून मोडला असेल तर दोष बहुतेक सैल यू-बोल्टचा, म्हणजे पाटा एक्सलला आवळणाऱ्या बोल्टचा असतो. यू-बोल्टच्या कडेपासून टोकाच्या दरम्यान कुठेतरी मोडला असेल तर तो ओझ्याने किंवा थकून गेला. आणखी एक. तुम्ही गाडीवर वेल्डिंग करता. अर्थिंगचा चिमटा कधी पाट्याला लावलाय का, किंवा पाट्यावर ठिणगी उडालीय का? स्प्रिंगच्या पोलादावर आर्कचा छोटा डाग पडला तरी तिथला टणकपणा बिघडतो आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. मोडलेला पाटा वेल्ड करून परत घालणं तर बिलकूल नको.

आता पाट्यांकडे येऊ. कमान आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ इथंच होतो. गाडी खाली बसलेली दिसते तेव्हा पुष्कळदा पाटा मऊ झालेला नसतो, त्याची कमान उतरलेली असते. कडकपणा म्हणजे किती ओझ्याने पाटा किती दबतो, एवढंच. तो घरीही मोजता येतो. गाडी सपाट जागी उभी करा, दोन्ही बाजूंना मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून खडूने लिहा. मग सिमेंटच्या दहा गोण्या मागच्या एक्सलच्या बरोबर वर रचा. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे ५०० किलो. युरिया वापरलात तर गोणी ४५ ची धरा. गाडी थोडी पुढेमागे हलवून पुन्हा मोजा. समजा ४० मिलिमीटर दबली, तर दोन्ही बाजूंचे पाटे मिळून मिलिमीटरला साडेबारा किलो उचलतात. एक्सलच्या वरचं बंपस्टॉपचं (एक्सल चासीवर आदळू न देणारं) रबर आणि चासी यांच्यात रोजच्या ओझ्यावर किती जागा उरते, तेही मोजा. ५० मिलिमीटर उरत असेल, तर या हिशेबाने आणखी ६२५ किलोंना गाडी रबरावर बसेल. रस्त्यावरचे धक्के याहून वेगळे, म्हणून त्यातली निम्मी जागा तरी मोकळी राहायला हवी.

आकडे हातात आले की गॅरेजवाल्यांचं आणि मेव्हण्यांचं म्हणणं तोलता येतं. एकसारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि आठवा घातला, तर ढोबळ मानाने कडकपणा सातातला एक हिस्सा, म्हणजे १४ टक्के वाढतो. दोन घातले तर २८-२९ टक्के. पण जाडी वाढवली तर हिशेब पार बदलतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचे पाटे टाकले तर तो जवळपास ५० टक्क्यांनी वाढतो! हाताला एक मिलिमीटर कळतही नाही, कंबरेला मात्र कळतो. मोठ्या गाडीचा सेट टाकायचा म्हणजे हे होणार, आणि त्याशिवाय लांबी, शॅकलचा (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा) कोन, सेंटर बोल्टची जागा जुळवण्याच्या खटपटी. मेव्हण्यांचा हेतू चांगला आहे, पण हा पर्याय मी सरळ बाजूला ठेवीन. कडक पाटा धक्का गिळत नाही, पुढे ढकलतो. तो चासीत जातो, तुमच्या सांगाड्याच्या वेल्डिंगच्या जोडांत जातो, जनरेटरच्या पायांत जातो आणि केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या मणक्यात जातो. उन्हाळ्यात पाणंदीतली चाकोरी वाळून दगडासारखी होते. तिच्यावर मागची चाकं टप्पे घेऊ लागली की टायर जमिनीला नीट लागतच नाही, आणि न लागलेला टायर ब्रेकही धरत नाही.

हवेचे फुगे वाईट नाहीत. ज्याचं ओझं रोज बदलतं, सकाळी भरून जातो आणि दुपारी रिकामा येतो, त्याला ते सोयीचे. हवा कमी-जास्त करता येते. तुमचं ओझं मात्र कायमचं, वर चिखल, खडे, वेल्डिंगच्या ठिणग्या. शिवाय फुगा ओझं चासीच्या एकाच ठिकाणी टेकवतो. तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही.

माझा सल्ला असा. सामान पुढे सरकवून, टेकू बसवून आणि पुन्हा काटा करून मागच्या एक्सलचं वजन समाधानकारक आलं, तर कंपनीच्याच मापाचा नवा सेट दोन्ही बाजूंना टाका. बुश, शॅकल आणि यू-बोल्टही नवे घ्या. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत कसून उपयोग नाही. त्यानंतरही रोजच्या ओझ्यावर रबराजवळची जागा कमी वाटली, तरच त्याच जाडीचा एकेक पाटा दोन्ही बाजूंना वाढवा. त्यासाठी यू-बोल्टही लांब लागतील. फक्त डावीकडे वाढवून गाडी सरळ करायचा मोह होईल, तो टाळा. डावी बाजू ओझं हलवून सरळ करायची असते.

मागच्या पाट्यांवर हेल्पर असेल, म्हणजे ओझं वाढल्यावरच टेकणारा वरचा पाटा, तर एक बघा. रोजच्या कायमच्या ओझ्यावर तो टेकलेला असता कामा नये. तो कायमच टेकून राहिला तर तो हेल्पर कसला? पाइप भरल्यावर टेकला की तो बरोबर आहे. रोजचं ओझं मुख्य पाट्यांनी उचलायचं, जादाचं हेल्परने. नव्या सेटची कमान ठरवताना मिस्त्रींना गोण्यांचे आकडे दाखवून हे समजावून सांगा. जाणता मिस्त्री असले आकडे बघून खूश होतो.

पाटा कडक केला तर शॉकअपही त्याला साजेसा हवा. दबलेला पाटा उसळून वर येताना त्याला आवरायचं काम शॉकअपचं. सहा वर्षांचे शॉकअप नव्या पाट्याला आवरणार नाहीत. एक जागा हमखास सुटते, ती म्हणजे ब्रेकची. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून एक दांडी वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते, मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी दबली की व्हॉल्व्हला कळतं की ओझं आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाट्याने गाडी उंच केली तर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीला तो कमी ब्रेक देतो. तुमच्या गाडीत तो असेल तर पाट्याचं काम झाल्याबरोबर दांडीचं सेटिंग करून घ्या. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे दिपायला नकोत.

कागदांचंही थोडं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. कायमची क्रेन बसवणं त्यात बसतं, तेव्हा आरटीओत चौकशी करून नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. जास्त वजनाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. अशा एका दंडात पाट्यांचं काम होऊन जाईल.

उन्हाळ्यात पिकअपवर पाण्याची टाकी ठेवून गावोगाव फिरणारे खूप जण हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी एवढंच. पाण्याचा हिशेब सगळ्यात सोपा असतो, एक लिटर म्हणजे एक किलो. २,००० लिटरची टाकी १.३ टनाच्या गाडीवर भरली की टाकीचं स्वतःचं वजन सोडूनही ७०० किलो जास्त झाले. तिथं कितीही पाटे घाला, उपयोग नाही. टाकी लहान घ्या, नाहीतर खेपा वाढवा. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, म्हणून आत आडव्या पट्ट्या असलेलीच बघा.

तर भाऊ, पाट्याचं काम झाल्यावर दोन-तीन दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात तेव्हा ते थोडे सैल पडतात, आणि मधोमध मोडलेल्या पाट्यांची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. आधी मात्र काटा. जाल तेव्हा वडिलांनाही गाडीतच बसू द्या, खाली उतरवू नका. ते रोज सोबत असतात, म्हणजे त्यांचं वजन रोजच्या ओझ्यातच धरायचं. आणि काट्यापर्यंतच्या रस्त्यात त्यांना कुठे कुठे धक्का बसला तेही विचारून घ्या. गाडी कुठे रबरावर आदळते हे त्यांच्या कंबरेला माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त अचूक माहीत असणार.